पहिली छडी घरच्या पोरीला

चौगले गुरुजींचं तेरावं बुधवारी झालं आणि रविवारी वाचनालयाची बैठक ठरली. लेक त्या बैठकीला जाणार म्हटल्यावर भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. जेवणावळीची भांडी अजून परत गेली नव्हती आणि ही निघाली कादंबरीवर चर्चा करायला. चुलती तर तोंडावर म्हणाली, "शिकलेली माणसं अशीच असत्यात बाई. त्यांचं रडणंबी पुस्तकात."

अनुजाने ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची सवय जुनी होती. शिवाजी पेठेतल्या त्या वाचनालयात, काउंटरवरच्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, तिच्या वडिलांनी चार महिन्यांपूर्वी एक चिठ्ठी टाकली होती. त्या चिठ्ठीत काय आहे तेवढं तिला हवं होतं. बाकी चर्चेशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

डब्याची रीत गुरुजींनीच घालून दिलेली. महिन्याला एक पुस्तक, आणि ते निवडायची पाळी सभासदांत फिरायची. वाचून झालं की प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, घडी करून डब्यात टाकायची. बैठकीत डबा फिरायचा. हाताला लागेल ती चिठ्ठी मोठ्याने वाचायची. वाचून झाली की ग्रंथपाल मोनाताई विचारायच्या, "हात कोणाचा?" ज्याला ते मत कबूल, त्याने हात वर करायचा. मग ती चिठ्ठी अभिप्रायांच्या वहीत चिकटवली जायची, आणि पुढे ते पुस्तक नेणारा प्रत्येक जण आधी ती वाचायचा. हात वर आला नाही तर चिठ्ठी फाडून टोपलीत. गुरुजी म्हणायचे, नाव घातलं की माणूस खोटं लिहितो आणि खरं लिहिलं की हात खिशात घालतो. कोण काय करतो ते कळलेलं बरं.

या खेपेला पाळी गुरुजींची होती. त्यांनी निवडलेली कादंबरी ‘शून्यगड’. लेखक कोणी नवखा इंजिनिअर. माणसांची दूरच्या शत्रूशी लढाई चाललेली असते. लढाऊ यानांचा वेग मोठ्यांच्या डोक्याला झेपत नाही, म्हणून परीक्षा घेऊन नऊ-नऊ वर्षांची हुशार मुलं निवडतात आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका गडावर नेऊन त्यांना लढायला शिकवतात. गुरुजींनी ती आठवड्यात संपवली, चिठ्ठी लिहून डब्यात टाकली, आणि पुढच्याच सोमवारी जिना चढताना खाली बसले. फुप्फुसं गेली होती. ज्याची पाळी तो नसेल तर बैठक नाही, हाही त्यांचाच नियम. त्यामुळे डबा चार महिने तसाच राहिला.

ते चार महिने अनुजा सांगलीच्या कॉलेजातून रजा काढून त्यांच्याजवळ होती. आधी दवाखान्यात, मग घरी. घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलं. त्याची चावी किती फिरवायची हे नर्सने तिलाच शिकवलं होतं, आणि तिच्याशिवाय कोणी चावीला हात लावत नव्हतं. यंत्राच्या घरघरीत तिने ‘शून्यगड’ वाचायला घेतली. साठाव्या पानावर ती थांबली. गडावरच्या सरावात कोणतंही मूल चुकलं की सेनापती त्या मुलाला काही करत नसे. सगळ्यांत हुशार मुलगी रेवा. तिच्या खोलीतली हवा तो थोडी कमी करायचा. इतरांच्या चुका आणि रेवाची हवा.

अनुजाने पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडलं नाही.

ती चौथीत होती त्या वर्षी गुरुजींनी स्कॉलरशिपचा वर्ग घरच्या सोप्यातच भरवला. पहाटे पाच ते आठ, बावीस मुलं, पट्टीने आखल्यासारख्या रांगा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "उद्या कोणी म्हणायला नको की गुरुजी स्वतःच्या पोरीला झुकतं माप देतात. म्हणून दिवसातली पहिली चूक कोणाचीही असो, पहिली छडी अनुजाला. पुढच्या चुका ज्याच्या त्याला." छडी करंजाची असायची. उजव्या हातावर बसायची, कारण डाव्या हाताने छडी घेणं म्हणजे लिहिता हात वाचवणं, आणि वाचवावाचवी गुरुजींना खपत नसे. घरातही त्यांना गुरुजीच म्हणायचं, असं त्या वर्षी ठरलं. वर्ष सरलं, ती मोठी झाली, आई गेली, तरी तोंडात तेच राहिलं. आई तेव्हा संध्याकाळी हळद-तेल गरम करायची आणि तळहाताला लावताना एक शब्द बोलायची नाही.

अनुजा जिल्ह्यात पहिली आली. वर्तमानपत्रात हार घातलेला फोटो आला. फोटोत उजवा हात पाठीमागे होता.

शेवटच्या महिन्यात एका दुपारी गुरुजी जरा शुद्धीत होते. तिने त्यांचं तोंड पुसलं आणि पस्तीस वर्षं न विचारलेलं विचारून टाकलं. "गुरुजी, त्या वर्षाचं तुम्हाला कधी काही वाटलं का?"

कोणतं वर्ष, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मास्क दोन बोटांनी उचलला.

"लिहिलंय. डब्यात आहे. बैठकीत ऐक."

आणि मास्क खाली केला. लिहिलंय म्हणजे काहीतरी वाटलं असणार. ज्याला काही वाटत नाही तो लिहीत कशाला बसेल? पुढचे अठरा दिवस ती या एका वाक्यावर जगली. त्यांची अंथरुणं बदलली, पाठ चोळली, चावी बघितली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, शुक्रवारी, ती वाचनालयात गेली आणि मोनाताईंना म्हणाली की तेवढी एक चिठ्ठी काढून द्या.

"नाही जमायचं," मोनाताई म्हणाल्या. डब्याच्या झाकणावर त्यांनी हात ठेवला होता. "गुरुजींचा नियम गुरुजींच्या लेकीसाठी मोडला तर फोटोतनं उतरून येतील ते. रविवारी चार वाजता ये. आणि हे बघ, बैठकीला बसायचं तर चिठ्ठी टाकावी लागते. रिकाम्या हातानं बसता येत नाही."

त्यांनी कागद पुढे केला. अनुजाने काउंटरवर उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या, घडी केली, डब्यात टाकली. मनात आलं की बापाच्या चिठ्ठीला उत्तर आधीच लिहून झालं.

रविवारी पेठेत फुटबॉलचा सामना होता. मोटारसायकलींची पळापळ चालली होती आणि भोंग्यांच्या आवाजात जिन्यावरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वाचनालय तालमीच्या वरच्या मजल्यावर. मोनाताईंनी अध्यक्षाच्या खुर्चीत गुरुजींचा फोटो ठेवला होता. हार ताजा होता. पुढच्या महिन्यात हा फोटो भिंतीवर चढायचा होता, बालविभागात, मुलांच्या पुस्तकांच्या बरोब्बर वर.

माणसं मोजकीच आली होती. ॲडव्होकेट राजवर्धन, अनुजाच्याच वर्गातला, जिल्ह्यात दुसरा आलेला. अजूनही ओळख करून देताना तो हे सांगायचा. तिसरी आलेली संयोगिता, आता दातांची डॉक्टर. उचगावात लेथचं वर्कशॉप असलेला बाबासो; तोही त्याच वर्गात होता, पण ऑक्टोबरात गुरुजींनी त्याला काढून टाकलं होतं. काढताना कानाखाली दिलेली बसली ती अशी की डावा कान तिथेच राहिला. आणि झुंबरबाई, सत्तरी उलटलेल्या, निवृत्त नर्स, हाताला येईल ते वाचणाऱ्या. त्यांनी चिवड्याचा डबा आणला होता.

"ये, जिल्ह्यात पहिली," राजवर्धन म्हणाला. "तुझ्याशिवाय यादी सुरू होत नाही."

"तिचा बाप गेलाय रं," झुंबरबाई म्हणाल्या. "आज तरी नंबर ऱ्हाऊ द्या."

दोन मिनिटं उभं राहून झालं. मग डबा फिरला.

पहिली चिठ्ठी झुंबरबाईंच्या हाताला लागली. चष्मा वर-खाली करून त्यांनी वाचली. "‘शिस्तीशिवाय राष्ट्र उभं राहत नाही, हा संदेश देणारी कादंबरी. आजच्या पिढीने जरूर वाचावी.’" त्यांनी कागद उलटून पाहिला. "मागं काय न्हाय. संपलं."

"हात कोणाचा?" मोनाताईंनी विचारलं.

राजवर्धनचा हात कधीच वर गेला होता.

"न वाचताबी एवढं लिहिता येतंय की," झुंबरबाई म्हणाल्या.

दुसरी संयोगिताने वाचली. "‘साडेतीनशे पानं झाली, एक आई दिसली न्हाय. पोरं काय झाडाला लागलीती? निवडून नेली तवा आया कुठं हुत्या? बाजारात?’" सगळे हसले. झुंबरबाईंनी हात वर केला आणि त्याच हाताने चिवडा पुढे सारला.

तिसरी राजवर्धनला मिळाली. गुरुजींच्या वर्गातल्या सगळ्यांचं अक्षर एकच होतं. आधी पट्टीने शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, असं त्यांनी शिकवलं होतं. त्यामुळे चिठ्ठी बघून कोणाची ते कळत नसे. मजकूर वाचून मात्र कळे. "‘निवडलेल्या पोरांवर पुस्तक झालं. जी गडावर टिकली नाहीत, ती खाली पाठवली, असं पान एकशे बारावर एका ओळीत लिहिलं आहे. ती ओळ मी चार वेळा वाचली. पुढं त्यांचं काय झालं ते लेखकाला ठाऊक नसावं.’"

बाबासोने हात वर केला.

"बाबासो, चौथीत एका ओळीत गेलास," राजवर्धन म्हणाला, "अजून त्याच ओळीत बसलायस होय?"

बाबासोने मान वळवून उजवा कान त्याच्याकडे केला. "ह्या बाजूनं बोल. ती बाजू गुरुजींकडं हाय."

आता डबा बाबासोकडे आला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसा तो मोठ्याने वाचायचा, प्रत्येक शब्द वेगळा. "‘गडावरची मुलं रेवाची हवा कमी व्हावी म्हणून मुद्दाम चुकतात, हे प्रकरण वाचून मला तीन दिवस जेवण गेलं नाही. आमच्या वर्गातही पाळ्या लागायच्या. दिवसाची पहिली चूक कोणी करायची ते आदल्या दिवशी ठरायचं. ती बिचारी सुट्टीत आम्हाला शिकवायची. आम्हाला येत होतं.’"

त्याने शेवटचं वाक्य वाचलं आणि ते आपल्याला नीट लागलं नाही असं वाटून पुन्हा वाचलं. "‘आम्हाला येत होतं.’"

खाली रस्त्यावर कोणीतरी गोल झाल्यासारखं ओरडत गेलं.

"हात कोणाचा?" मोनाताईंनी हळू विचारलं.

कोणाचा आला नाही. राजवर्धनची, झुंबरबाईंची, बाबासोची चिठ्ठी वाचून झाली होती. उरलेल्यांचा हिशोब करायला जिल्ह्यात पहिलं यावं लागत नव्हतं. संयोगिताचे दोन्ही हात पर्सवर होते आणि ती पर्सची चेन पाहत होती. मोनाताईंनी चिठ्ठी फाडली.

अनुजा म्हणाली, "पाळ्या कोण लावायचं?"

"जाऊ दे की आता," राजवर्धन म्हणाला. "पोरं होतो."

"विचारतेय फक्त."

"लावायचं कोणी नाही गं," संयोगिता पर्सकडे बघतच म्हणाली. "सागरगोटे टाकायचो. जिच्या नाहीतर ज्याच्या हातात कमी, त्यानं चुकायचं. तुमच्याच मागच्या दारात. तुझी आई भाकरी करायची तिथं."

"आईला माहीत होतं?"

संयोगिताने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस," राजवर्धन म्हणाला. कोर्टात अशिलाला समजावतात तसा त्याचा आवाज झाला. "पहिली चूक फुकट होती. फुकटचं कोण सोडतंय सांग की. गुरुजींनी नियम केला, आम्ही वापरला. वकिली तिथंच शिकलो म्हण."

"नफा-तोट्याची गणितं," अनुजा म्हणाली. "मी तुला अकरा दिवस शिकवली. भिंतीला खडूने लिहून. तुला येत नव्हती म्हणून मी रडले होते."

"पहिल्या दिवसापासून येत होती." तो हसला, आणि हसणं अर्ध्यावर आवरून म्हणाला, "पण तू शिकवायचीस झकास. मला अजून तुझीच रीत आठवते."

बाबासो दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होता. "मला कुणी सांगितलं न्हाय हे," तो म्हणाला. "मी खरंच चुकायचो."

डबा अनुजाच्या मांडीवर आला.

आत दोनच चिठ्ठ्या राहिल्या होत्या. तिने हात घातला. वरची आली. घडी उलगडायच्या आधीच कागदातून उजव्या कोपऱ्यातलं तांबडं वर्तुळ दिसलं. गुरुजी पुस्तकालाही गुण द्यायचे. वर्तुळात ब्याऐंशी होतं.

मोनाताई पुढे वाकल्या. "दे, मी वाचते."

"ज्याच्या हाताला लागेल त्याने," अनुजा म्हणाली. आणि वाचू लागली. आवाज सरळ होता. वर्गात पाठ म्हणायला उभं केल्यावर तो असाच सरळ ठेवायचा असे.

"‘कादंबरी चांगली आहे. भाषा शुद्ध. यंत्रांची वर्णनं वीस पानं कमी चालली असती. सेनापतीचं पात्र मात्र लेखकाला पेललेलं नाही. मुलं मुद्दाम चुकतात हे सेनापतीला शेवटपर्यंत कळत नाही, असं दाखवलं आहे. हे अशक्य. शिकवणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळतं. मला कळलं होतं.’"

तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"‘थांबवणं सोपं होतं. पण वर्गाला एक गुपित मिळालं होतं. गुपित असलं की मुलं एकमेकांना धरून राहतात, पहाटे उठवावी लागत नाहीत, वेळेवर येतात. त्या वर्षी बावीसपैकी चौदा गुणवत्ता यादीत आली. जिल्ह्यातली पहिली तीन आमची. एका हाताच्या बदल्यात चौदा मुलं, हा व्यवहार कोणताही शिक्षक करील. मुलगी सोसणारी होती म्हणून निभावलं. दुसरं कोणी टिकलं नसतं, आणि हे मी तिला सांगितलं असतं तर तीही टिकली नसती.’"

शेवटची ओळ वेगळ्या परिच्छेदात होती.

"‘अखेरच्या प्रकरणात म्हातारा सेनापती रेवासमोर रडतो. ते प्रकरण काढावं. रडण्यासारखं त्याने काही केलेलं नाही. त्याचे अठरा गुण कापले.’"

तिने कागद घडीवर घडी घालून मांडीवर ठेवला. तळहात खाली होता, कागद त्याच्याखाली.

पहिला बोलला तो राजवर्धन. छातीवरून पोतं उतरवल्यासारखा त्याने श्वास सोडला. "म्हणजे त्यांना माहीत होतं."

"तिसऱ्या दिवसापासून," संयोगिता म्हणाली. तिने डोळे पुसले. चेहऱ्यावर कितीतरी वेळाने रंग आला होता. "मी एवढी वर्षं उगाच... बघ ना, म्हणजे आपण मुद्दाम चुकलो नसतो तरी त्यांनी काहीतरी काढलंच असतं."

"तेच म्हणतोय. आपण काय, प्यादी. नऊ वर्षांची पोरं. जबाबदारी मोठ्या माणसाची." राजवर्धनने चिवड्याची मूठ घेतली. "अनुजा, खरं सांगतो, मला बरं वाटलं हे ऐकून."

"हात धुवायला पाणी मिळालं व्हय रं तुम्हास्नी," झुंबरबाई म्हणाल्या. "मेल्याच्या तोटीचं."

राजवर्धनने मूठ तोंडात टाकली.

मोनाताई फोटोकडे बघत होत्या, अनुजाकडे नाही. "माणूसच नाही तर हात कुठला," त्या म्हणाल्या. "नियमानं ही फाडायची. आण बाई इकडं."

"फाडाच," राजवर्धन म्हणाला. "पुढच्या महिन्यात फोटो चढवायचाय. वहीत हे राहिलं तर पोरांचे आई-बाप काय म्हणतील? गुरुजींनी घडवलेली किती माणसं आहेत पेठेत. त्यांच्या पाठीमागं असलं काही नको."

मोनाताईंचा हात पुढे आला होता. त्यांच्या मायेबद्दल शंका नव्हती. चिठ्ठी दिली असती तर झालं असतं. दोन तुकडे, चार तुकडे, टोपली. आणि भिंतीवर फोटो.

"नियम काय आहे?" अनुजाने विचारलं. "चिठ्ठी ज्याची त्याने हात वर करायचा, की ज्याला कबूल त्याने?"

मोनाताई अडखळल्या. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत गुरुजींनी पट्टीने शिरोरेषा ओढून नियम लिहून ठेवले होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "‘ज्यास मत कबूल, त्याने हात वर करावा.’"

अनुजाने उजवा हात वर केला.

हात खांद्यापर्यंत नाही, सरळ वर, कानाला चिकटून, त्यांनी शिकवला होता तसा. बाबासो त्या हाताकडे पाहत राहिला.

"अगं, कबूल म्हणजे..." संयोगिता म्हणाली.

"त्यांनी लिहिलंय ते झालं होतं. मी तिथं होते. मला कबूल आहे." तिचा आवाज चढला नाही. "वहीत लावा, मोनाताई. पहिल्या पानावर. आणि वही बालविभागात ठेवा, फोटोखाली. त्यांचं मत आहे. त्यांना ते लपवायचं असतं तर त्यांनी लिहिलं नसतं."

"बापाची अब्रू काढतेस," राजवर्धन म्हणाला.

"ब्याऐंशी गुण दिलेत त्यांनी. अब्रू कुठं गेली?"

मोनाताईंनी डिंकाची बाटली काढली. डिंक कागदाबाहेर गेला आणि त्यांनी तो पदराने पुसला. चिठ्ठी पहिल्या पानावर बसली. तांबडं वर्तुळ वर आलं. बाबासोने वही आपल्याकडे ओढून ती एकदा मनात वाचली, ओठ हलवत, आणि वही परत सरकवली.

"आणखी एक हाय आत," झुंबरबाई म्हणाल्या.

अनुजाला ती आठवलीच नव्हती. डबा तिच्या मांडीवर होता. हात घालून ती काढता आली असती. पण आता वाचायच्या राहिल्या होत्या त्या मोनाताईच. त्यांनी डबा उचलून घेतला, चिठ्ठी उलगडली आणि नियमाप्रमाणे वाचली.

"‘शेवटी म्हाताऱ्याच्या खोलीतल्या हवेची चावी रेवाच्या हातात येते. ती फिरवत नाही. बऱ्याच वाचकांना हे खोटं वाटेल. मला वाटलं नाही. त्याने उशिरा का होईना तोंडाने मान्य केलं आहे. तेवढं पुरतं. त्यानंतर रात्र-रात्र त्याच्याजवळ बसता येतं.’"

अक्षर तेच होतं. ओढलेली शिरोरेषा आणि तिला लटकलेली अक्षरं. कोणाचंही असू शकलं असतं. आणि सहा जणांच्या खोलीत ते कोणाचं हे न कळणारं कोणी नव्हतं.

"हात कोणाचा?" मोनाताई म्हणाल्या.

संयोगिताने चिवड्याकडे पाहिलं. राजवर्धन घड्याळाकडे. झुंबरबाई मात्र सरळ अनुजाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात घे वर, घे वर, असं होतं. मोनाताई नियमापेक्षा जास्त थांबल्या. खाली भोंगे वाजत गेले, परत आले.

अनुजाचे दोन्ही हात मांडीवर होते. ती फोटोकडे बघत होती. फोटोतले गुरुजी कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होते, वर्गातल्या शेवटच्या रांगेकडे बघतात तसे.

मोनाताईंनी चिठ्ठी फाडली. संयोगिताच्या तुकड्यांवर ते तुकडे पडले.

पुढच्या महिन्याची पाळी झुंबरबाईंकडे गेली. त्यांनी जाहीर केलं की ज्यात आई असंल असलंच पुस्तक निवडणार. राजवर्धनला सामना बघायला जायचं होतं. जाताना तो फोटोच्या पाया पडला.

अनुजा जिना उतरली तेव्हा बाबासो मागून आला. तालमीतून तेल आणि मातीचा वास येत होता. रस्त्यावर आल्यावर तो वळसा घालून तिच्या डाव्या हाताला झाला, म्हणजे चांगला कान तिच्याकडे आला.

"ती शेवटची चिठ्ठी," बाबासो म्हणाला. "मोनाताई लई हळू वाचत्यात. मला नीट लागली न्हाय. काय हुतं तीत?"

मोटारसायकलींचा एक घोळका गेला. अनुजाने तो जाऊ दिला.

"काही नव्हतं," ती म्हणाली. "पुस्तकाबद्दलच होतं."